अठ्ठेचाळीस चौकोन आणि मापं काही जुळेनात: आमच्या विणकाम ग्रुपचं एक प्रकरण

आठवड्यातून एकदा, दोन तास, नऊ जण. आमचा विणकाम-क्रोशाचा ग्रुप एवढाच. मागच्या वर्षी त्यात एक प्रकरण झालं ते नीट लिहून ठेवायचं कधीचं मनात होतं, कारण ग्रुपमधे जाऊन तुला नक्की मिळतं काय असं कोणी विचारलं की मी दरवेळी "मस्त वाटतं गं" असलं काहीतरी गुळमुळीत बोलते, आणि ते खरं असलं तरी समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. हे प्रकरण वाचून कदाचित कळेल, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय, टाके आणि सेंटिमीटर धरून.

तर झालं असं की ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या मावशींचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने तरी त्यांना घराबाहेर पडता येणार नव्हतं. आमच्यातल्या अर्ध्याहून जास्त जणांना सुईवर टाके कसे घालायचे हे मावशींनी शिकवलंय. त्या नाहीत तर त्यांची खुर्ची रिकामी दिसायची आणि कोणी त्यावर बसायचंही नाही. मग ठरलं की त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून एक ब्लँकेट करायचं, मांडीवर घ्यायला होईल एवढं. उरलेल्या आठ जणांनी प्रत्येकी ६ चौकोन आणायचे, एक बाजू १५ सेंटिमीटर, म्हणजे ४८ चौकोन, ६ गुणिले ८ मांडले की ९० बाय १२० सेंटिमीटरचं ब्लँकेट. पाच जणी क्रोशावाल्या, तिघं दोन सुयांवर विणणारे. क्रोशाचा नमुना सगळ्यांना माहीत असलेला ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे तीन-तीन टाक्यांच्या गटांनी मधून बाहेर फेऱ्या वाढवत केलेला चौकोन, ६ फेऱ्या, दर दोन फेऱ्यांना रंग बदलायचा. विणणाऱ्यांनी साधी सुलट वीण, दोन्ही बाजूंनी सुलट, ३३ टाके आणि ६६ ओळी. सुलट-सुलट विणीत एका टाक्याच्या रुंदीत साधारण दोन ओळींची उंची बसते, म्हणून टाक्यांच्या दुप्पट ओळी घातल्या की चौकोन होतो.

हे सगळं मी लिहून सगळ्यांना पाठवलं. लोकर डीके जाडीची (फार बारीकही नाही, फार जाडही नाही अशी) घ्या एवढं लिहिलं. हुक आणि सुई किती मिलिमीटरची हे लिहिलंच नाही. आणि आधी छोटा नमुना विणून मापा, हेही नाही. मावशी प्रत्येक नवीन कामाच्या आधी १० बाय १० सेंटिमीटरचा नमुना विणायला लावतात, त्यात टाके मोजायला लावतात, आणि आपल्याला वाटत असतं की उगाच वेळ जातोय. मलाही घाई होती. चूक माझीच होती आणि चौकोन मापले त्याच दिवशी ती मी सगळ्यांसमोर कबूल केली.

तीन आठवड्यांनी सगळ्यांनी पिशव्या उलट्या केल्या. ४८ चौकोन जमिनीवर. आधी तर सगळे नुसते बघतच राहिलो, इतके रंग एकदम एका जागी, आणि प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येत होता, न विचारता कळत होतं की हे बाईंचे, हे दादाचे. मग कोणीतरी टेप काढली.

माझे १५. धाकट्या जाऊबाईंचे १४ (आमच्यात दोन जावा आहेत, थोरल्या विणतात, धाकट्या क्रोशा करतात आणि दोघी एकमेकींच्या कामाबद्दल मनापासून कुतूहल बाळगून असतात). गणिताच्या बाई, आता रिटायर झाल्यात, त्यांचेही १५. एक वहिनी आहेत, फार कमी बोलतात, त्यांचे साडेसोळा, कारण त्यांनी ४ च्या ऐवजी ५ मिलिमीटरचं हुक वापरलं होतं. रात्रपाळी करणारा एक दादा आहे, त्याचा हात सैल, त्याचे १७. थोरल्या जाऊबाईंचे बरोबर १५. आणि आमची एक ताई, तिचे दोन १५ चे आणि चार १३ चे, टाके इतके घट्ट की सुईचं टोक आत शिरणार नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती चौकोनांकडे बघत होती. तिच्या घरी आजारपण चालू होतं, रात्र रात्र उशाशी बसून ती विणायची, ते सगळ्यांना माहीत होतं. पहिले दोन त्याच्या आधीचे. कोणी काही बोललं नाही. त्या वेळी न बोलणंच बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं.

राहिली कॉलेजमधली मुलगी. तिने सगळ्यात शेवटी काढले. तिचे सहाही जेमतेम १० सेंटिमीटर, आणि सपाट नव्हतेच, कडेने झालर आल्यासारखे लाटा लाटा झालेले, हाताने दाबले की परत वर येणारे. ती म्हणाली, "मी चार वेळा उसवलं, तरी असंच होतंय, मला नाही जमत हे, माझे नका घेऊ." डोळे भरले होते तिचे. पिशवीत परत भरायला पण लागली.

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथून पुढचा वाटतो. घरी एकटीने व्हिडिओ बघून शिकणारीचं हे इथेच थांबलं असतं. चार वेळा उसवून पाचव्यांदा लोकर कपाटात गेली असती आणि आयुष्यभर ती सांगत राहिली असती की माझ्या हातात कला नाही. इथे झालं काय, तर गणिताच्या बाईंनी एक चौकोन उचलला, चष्मा वर केला, आणि फेऱ्या मोजायला लागल्या. सहा बरोबर. प्रत्येक फेरीतले गट मोजले, पहिल्या फेरीत ४, दुसरीत ८, तिसरीत १२, सगळं बरोबर. कोपऱ्यातल्या साखळ्या बरोबर. म्हणाल्या, "अगं तुझं मोजणं माझ्यापेक्षा चोख आहे, एकही चूक नाही." मग तिला म्हणाल्या, माझ्यासमोर एक गट कर बघू.

तिने केला. आणि बघणाऱ्या आम्हा क्रोशावाल्या चौघींना एकदम कळलं. ती खांब घालतच नव्हती, मुका खांब घालत होती.

ज्यांना क्रोशाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. खांब घालताना हुकवर आधी दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग टाक्यात घालून दोनदा ओढून काढायचं, म्हणून तो उंच होतो. मुक्या खांबात आधी वेढा घ्यायचा नाही, म्हणून तो बुटका, खांबाच्या साधारण निम्मा. आता मी जो इंग्रजी नमुना पाठवला होता तो अमेरिकन पद्धतीचा, त्यात लिहिलेलं 'तीन डबल क्रोशे', म्हणजे आपले तीन खांब. पण तिने टाके शिकले होते आजीच्या एका जुन्या ब्रिटिश पुस्तकातून, आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब! अमेरिकन सिंगल तो ब्रिटिश डबल, अमेरिकन डबल तो ब्रिटिश ट्रेबल, एकच नाव आणि दोन वेगळे टाके. तिने पुस्तकात लिहिल्याबरहुकूम अगदी बरोबर टाका घातला होता, फक्त पुस्तक दुसऱ्या देशाचं. आमच्यात खांब आणि मुका खांब असंच म्हणतात आणि त्यात असला घोळ होऊच शकत नाही, म्हणून त्या दिवसापासून मी इंग्रजी नमुना पाठवला तरी टाक्यांची नावं मराठीतच लिहिते.

पण मग झालर का आली? लहान झाला हे समजलं, लाटा कशाने? हे धाकट्या जाऊबाईंनी विचारलं आणि बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू, तीस-पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा. ग्रॅनी स्क्वेअरमधे दर फेरीला ४ गट वाढतात, म्हणजे १२ टाके. खांब उंच असतो, त्यामुळे फेरी मधल्या बिंदूपासून लांब जाते आणि परिघावर त्या १२ वाढीव टाक्यांना जागा मिळते, काम सपाट राहतं. मुका खांब बुटका. फेरी थोडीच पुढे सरकते आणि टाके मात्र तेवढेच वाढतात, मावायला जागा नाही, मग ते वर-खाली होतात. म्हणूनच सपाट गोल करायचा तर मुक्या खांबात दर फेरीला ६ वाढवतात आणि खांबात १२. टाके जरुरीपेक्षा कमी वाढवले तर उलट होतं, कडा आत ओढली जाते आणि वाटी तयार होते, टोपी अशीच तर होते.

आणि मग बाई म्हणाल्या की ही जी झालर आहे ना तिच्यावर गणितात मोठं काम झालंय. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी ठराविक प्रमाणात टाके वाढवत वाढवत क्रोशानेच हायपरबोलिक, म्हणजे कडेकडे जागा वाढत जाऊन लाटा लाटा होणाऱ्या, पृष्ठभागाचा नमुना करून दाखवला, विद्यार्थ्यांना हातात धरून बघता येईल असा, कागदाचे नमुने फाटायचे म्हणून. पुढे २००५ मधे मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या दोन बहिणींनी त्याच युक्तीने क्रोशाची प्रवाळं करायला घेतली आणि वेगवेगळ्या शहरांतले ग्रुप त्यात सामील होत गेले. समुद्रातली काही प्रवाळं अशीच झालरीची असतात. ती मुलगी हातातला चौकोन फिरवून फिरवून बघायला लागली. पाच मिनिटांपूर्वी पिशवीत कोंबत होती तोच. एक चौकोन तिने तसाच ठेवलाय अजून, उसवू दिला नाही कोणाला.

आता बाकीच्यांचं काय. पहिली सूचना आली की १५ चे नाहीत ते सगळे उसवा आणि परत करा. सूचना व्यवहाराला धरून होती. पण ताईच्या चार चौकोनांकडे बघून मला ते पटेना, आणि मी बोलायच्या आधीच दादा म्हणाला, "माझे मी उसवतो, सैल विणलेलं लहान कसं करणार, पण घट्ट आणि लहान आहेत त्यांना मोठं करता येतं की." त्यातून मार्ग निघाला. लहान चौकोनांना भोवती मुक्या खांबाच्या फेऱ्या घालायच्या, पांढरट क्रीम रंगात. एका फेरीने एक बाजू साधारण एक सेंटिमीटर वाढते, अर्धा इकडून अर्धा तिकडून. १४ च्या चौकोनांना एक फेरी, ताईच्या १३ वाल्यांना दोन. वहिनींचे साडेसोळा, त्यांची फक्त शेवटची फेरी उसवायची, की ते होतात १४, मग एक क्रीम फेरी, झाले १५. मग सगळे १५ वर आले की सगळ्यांनाच क्रीमची आणखी एक शेवटची फेरी. एका बाजूला बरोबर २८ टाके, कोणाच्याही चौकोनाला, कुठे एका टाक्यात दोन घालावे लागले तरी चालतील पण २८ च. ही बाईंची अट. शिवताना २८ ला २८ जुळतात आणि ओढाताण होत नाही. चौकोन १६ चे झाले आणि ब्लँकेट ९६ बाय १२८.

ताईचा एकही टाका उसवला नाही.

दादाने मात्र सहाही उसवले, तिथेच, आणि उसवणं एवढं आनंदाचं असू शकतं हे मला माहीत नव्हतं. एकटीने उसवताना जीव जातो. इथे तो टोक धरून ओढतोय, टाके सर सर सर सुटतायत, थोरल्या जाऊबाई गुंडा गुंडाळतायत, मधेच एखादी गाठ आली की तिसरा हात मदतीला. उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली तर टाके वाकडे येतात, म्हणून ती लडी करून ओली करायची आणि सुकायला टांगायची की परत सरळ होते. दुसऱ्या वेळी त्याने बारीक सुया घेतल्या आणि थोरल्या जाऊबाईंनी सांगितलेली युक्ती वापरली, कोपऱ्यापासून सुरुवात करायची. दोन-तीन टाक्यांनी सुरू करून दर ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचं, त्रिकोण होत जातो, त्याची सुईवरची लांब बाजू नाही तर कडेची बाजू मापायची, ती १५ झाली की तिथून दर ओळीला एक टाका कमी करायचा. यात हात घट्ट असो की सैल, चौकोन १५ चाच होतो, कारण टाके मोजायचेच नाहीत, टेप लावायची. हे मला आधी सुचलं असतं तर विणणाऱ्यांचा निम्मा घोळ झालाच नसता.

मग टोकांची संध्याकाळ. विणणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं, तर दोऱ्याची लोंबणारी टोकं मागच्या बाजूला टाक्यांत ओवून लपवणं. ३० ग्रॅनी स्क्वेअर, तीन रंग, प्रत्येक रंगाची दोन टोकं, म्हणजे १८०. विणलेले १८, त्यांची ३६. वर ४८ क्रीम किनारींची ९६. तीनशेच्या वर टोकं. आठ जण गोल करून बसलो, बोथट सुया घेऊन, मधे चौकोनांचा ढीग. एकेक उचलायचा, टोक एका दिशेला ओवायचं, मग उलटं फिरून परत थोडं, म्हणजे धुतल्यावर सुटत नाही, कापायचं, दुसऱ्या ढिगात. हातात येणारा चौकोन आपला नसायचा. दुसऱ्याचं काम मागच्या बाजूने इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते, कुठे कोणी टाका विसरून नंतर हळूच भरलाय, कोणी रंग बदलताना गाठ मारलीय, कोणाची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ. बोलणं चालू होतं आणि नव्हतंही. आमच्यात एक रीत पडून गेलीय, कोणी मोजत असेल तर बोट वर करायचं, की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही आणि त्याने उत्तर दिलं नाही तर कोणाला राग यायचा नाही. मला वाटतं माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कुठल्याही जागी असं नाहीये, की गप्पांच्या मधोमध तुम्ही गप्प बसू शकता आणि त्याचं कारण द्यावं लागत नाही. ताई त्या दिवशी पाऊण तास बोट वर करून बसली होती, टोकं ओवताना मोजायचं काही नसतं तरी, आणि मग तिने आपणहून घरचं सगळं सांगितलं, खाली बघत, सुई चालवत. कोणी मान वर केली नाही. ऐकत होते सगळे.

मांडणी कोणी करायची यावर थोडा वाद झाला, सगळ्यांना आपापलं सुचत होतं. तेवढ्यात वहिनी उठल्या, ज्या सहा महिन्यांत "हो", "नाही" आणि "कात्री द्या" याच्या पलीकडे फारसं बोलल्या नव्हत्या, आणि जमिनीवर बसून चौकोन हलवायला लागल्या. एकही शब्द न बोलता, अर्धा तास. विणलेले जड असतात आणि ग्रॅनी हलके आणि जाळीदार, विणलेले सगळे एकीकडे आले तर ब्लँकेट त्या बाजूला ओढलं जाईल, म्हणून त्यांनी ते विखरून लावले, प्रत्येक पट्टीत तीन. कोणी एक पिवळा चौकोन कोपऱ्यात ठेवायला गेलं तर म्हणाल्या, "तिथे नको, नजर तिथेच जाईल, मधे राहू दे." एवढं लांब वाक्य! त्यानंतर मांडणीत कोणी हात घातला नाही, आणि आता रंग निवडायचे असले की आधी त्यांना विचारतात.

आठ-आठ चौकोनांच्या सहा पट्ट्या शिवल्या, मग पट्ट्या एकमेकींना, २८ ला २८. धुवून, सपाट पसरून, कडा ताणून टाचण्या लावून सुकवलं. ही शेवटची पायरी आहे ना, ओलं करून मापात ताणून सुकवणं, तिने छोटेमोठे फरक बरेच झाकले जातात, लोकरीचे जास्त, अ‍ॅक्रिलिकचे थोडे कमी. एक-दोन ठिकाणी अजूनही हलकासा फुगवटा आहे. राहू दिला.

मावशींकडे आम्ही पाच जणं गेलो, ताई आणि ती मुलगी त्यात होत्या. मावशींनी ब्लँकेट मांडीवर घेतलं, बघितलं, हात फिरवला, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते उलटं केलं. मागची बाजू बघायची ही त्यांची जुनी सवय. बोटांनी चाचपत एकेक नाव घेत गेल्या, हे बाईंचं, हे दादाचं, अरे वा, हात आवरला की याने, हे कोणाचं, नवीन हात दिसतोय, आणि मुलगी "माझं" म्हणाली तर तिला जवळ बोलावून तो चौकोन परत नीट बघितला. मग क्रीमच्या तीन फेऱ्या असलेल्या ताईच्या त्या चौकोनांवर आल्या. पहिल्यावर थांबल्या, दुसरा शोधून काढला, तिसरा, चौथा. टाक्यांवर अंगठा दाबून बघितला. आणि वर न बघता ताईला म्हणाल्या, "रात्रीची झोप होते का गं आता?"

ताई म्हणाली, "आता होते थोडी."

"बरं," म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "इथे एक टोक सुटलंय, सुई दे."